महापालिकेची दारे उघडताना

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे. स्थानक गाठण्याच्या घाईतला मुंबईकर त्याच्याकडे क्वचितच मान वर करून पाहतो. शहराच्या तिजोरीतील पैसा कोठे जातो, हे विचारण्याचा करदात्यांचा हक्क कायद्यात उतरविण्यासाठी ज्यांनी हयात वेचली, त्यांत या पारशी बॅरिस्टरचे स्थान अग्रभागी आहे.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत जन्मलेले फिरोजशहा एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. होऊन विलायतेस गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. तेव्हा शहराचा कारभार नावापुरता सरकारनियुक्त जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या हाती होता. प्रत्यक्षात म्युनिसिपल कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड यांचा शब्द चाले. क्रॉफर्ड धडाडीचे होते. त्यांच्या कारकिर्दीत शहराची स्वच्छता सुधारली, १८६९ मध्ये प्रसिद्ध मंडई उभी राहिली. पण खर्चाला धरबंध उरला नाही, कर्ज वाढले आणि १८७१ मध्ये करदात्यांचा रोष उफाळून आला.

त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण मेहतांनी आपला निबंध वाचला. श्रोत्यांना क्रॉफर्ड यांची निर्भर्त्सना ऐकायची होती. मेहतांनी मात्र दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा असल्याचे मांडले. कार्यकारी अधिकार एकाच कमिशनरकडे राहावेत, परंतु त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा अंकुश असावा, अशी त्यांची योजना होती. सभा त्यांच्यावरच उलटली. लोकांच्या बाजूने बोलताना लोकांचाच रोष पत्करावा लागण्याचा हा प्रसंग त्यांच्या पुढील कारकिर्दीची चुणूक देणारा ठरला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली व त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. अर्थात, मत होते ते ठराविक कर भरणाऱ्यांनाच. गिरणगावातला कामगार या हिशेबात कोठेच नव्हता.

पुढे १८८८ च्या कायद्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात मोलाची भर घातली. कमिशनरांकडे झुकलेला तराजू कॉर्पोरेशनच्या बाजूने सावरला गेला. सभासदसंख्या ७२ झाली. सभागृहाने ठरावाद्वारे वेगळे ठरविल्याखेरीज सभा जनतेसाठी खुल्या राहतील, ही तरतूदही या कायद्यात आहे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या कलमामुळेच नगरसेवकांची भाषणे गॅलरीत आणि तेथून वृत्तपत्रांत पोहोचण्याचा मार्ग पक्का झाला. अनेक दुरुस्त्यांसह मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा मेहतांनी त्यास विरोध केला. रस्ते आखणे, वस्त्या पाडणे ही कामे करदात्यांना उत्तरदायी असलेल्या कॉर्पोरेशनकडेच हवीत, असे त्यांचे मत होते. ते मान्य झाले नाही.

कॉर्पोरेशनवरील त्यांची पकड इतकी घट्ट होती, की विरोधकांना ती हुकूमशाही वाटे, आणि त्या आक्षेपात अगदीच तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. १९०७ मध्ये त्यांना पाडण्यासाठी काही युरोपियन अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन डाव रचला. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांच्या बाजूस होते. जस्टिसांनी निवडायच्या १६ जागांत मेहता १७ वे आले! पुढे निवडून आलेला एक उमेदवार अपात्र ठरला आणि त्यांना जागा मिळाली.

शहराची बातमी कोणाच्या लेखणीतून लोकांपर्यंत जाते, याला किती महत्त्व आहे, हे या प्रकरणाने दाखविले. १९१३ मध्ये मेहतांनी बॉम्बे क्रॉनिकल सुरू केले आणि संपादकपदी बेंजामिन हॉर्निमन यांना आणले. पत्र इंग्रजीत असल्याने चाळीचाळींत ते पोहोचणे शक्य नव्हते. तरी सरकारधार्जिण्या पत्रांना तोड देणारा आवाज शहराला मिळाला. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मेहतांचे निधन झाले. त्यांनी विरोध केलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन होण्यास १९३३ साल उजाडावे लागले.