नारायण वामन टिळक : भिंतींबाहेरचे देऊळ

आमच्या गुंजीच्या बाजूला गोव्याहून वर आलेली घरे प्रार्थनेच्या वास्तूला इगर्ज म्हणतात. नगरकडची जुनी प्रोटेस्टंट माणसे तिलाच सरळ देऊळ म्हणत. मराठी बायबलात मात्र ज्या मूळ शब्दासाठी इंग्रजीत ‘चर्च’ येते, तिथे ‘मंडळी’ असा शब्द आहे, म्हणजे वास्तू नव्हे, माणसे. ही गोष्ट मनावर घेऊन जगलेला मराठी माणूस शोधायचा, तर आम्हांला पहिले नाव आठवते ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आईवर त्यांचा फार जीव होता, वडिलांशी कधी पटले नाही. आई गेल्यावर घर सोडून ते नाशिकला आले आणि तिथे संस्कृत शिकले. लग्न लहान वयातच झाले. पत्नी त्या आपल्या सर्वांना ‘स्मृतिचित्रे’मुळे माहीत असलेल्या लक्ष्मीबाई. टिळक एका जागी, एका नोकरीत टिकणारे नव्हते. संसाराची ओढाताण बाईंनी केली.

1893 साली आगगाडीने प्रवास करताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोघांची ओळखही नव्हती. टिळकांनी पुस्तक वाचले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे नवराबायको वेगळे राहिले. नंतर त्या परत आल्या, तरी सोवळे लगेच सुटले नाही. ते हळूहळू गळाले आणि 1900 साली त्यांनीही आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या थोरवीचे गोडवे गाताना ही पाच वर्षे दोन ओळींत उरकली जातात, ते आम्हांला पटत नाही. त्या श्रद्धेची किंमत दुसऱ्या कुणीतरीही मोजली होती.

टिळकांचे पुढचे काम अहमदनगर आणि राहुरी भागात, अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाले. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यांतले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले. पुष्कळ गावी मिशनची शाळा हीच रविवारची प्रार्थनेची जागा, आणि शाळा नसेल तिथे झाडाखाली बसायचे. विलायती चालीवरची भाषांतरित गीते त्या लोकांच्या तोंडी नीट बसत नसत. टिळकांनी अभंग, भजने, पदे रचली. टाळ-मृदंगावर म्हणता येईल असे हे लिखाण होते आणि ते ऐकताना ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा परका वाटत नसे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत.

पण मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव घुसमटत होता. येशू पौर्वात्य, मग त्याची उपासना बाकांवर बसून, परदेशी रीतीनेच का करावी? आणि ज्याला ख्रिस्त मान्य आहे पण जातगोत तोडून बाप्तिस्मा घेणे ज्याला जमत नाही, त्याने देवळाच्या दाराशीच उभे राहायचे का? 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्याला जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे एकाच पंगतीचे स्थान होते. राजा ख्रिस्त आणि बाकी सगळे भाऊबहिणी. पंचावन्न वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या माणसाने ठरलेले वेतन सोडावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. (सातारा आणि आमची गुंजी एकाच पुणे-मिरज-लोंढा लोहमार्गावर आहेत, म्हणून हा प्रसंग आम्हांला उगाच जवळचा वाटतो.)

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेल्या. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे चालवून पूर्ण केले.

आमच्यात यावर वाद होतो. काहींचे म्हणणे असे, की दरबाराला पक्की जागा, घंटा, नोंदवही असती तर तो टिकला असता. वास्तू म्हणजे माणसांना पुढच्या रविवारी परत आणणारी खूण. हे खोटे नाही. बाप्तिस्मा, लग्न, माती, सगळे एकाच छपराखाली झाले, की कुटुंबे तिथे बांधली जातात. दुसरे सांगतात, की पहिल्या शतकातले ख्रिस्ती एकमेकांच्या घरीच जमत आणि तरी टिकले. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण थोडा अडखळत. कारण ज्या टिळकांनी भिंतींबाहेर पाऊल टाकले, त्यांची गीते आजवर पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली ती मुख्यतः त्या भिंतींच्या आत, पेटी-तबल्याच्या साथीने.