डॉक्टर यंग यांची तार

विज्ञान शाखेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी तरी टांगलेल्या तारेला वजने लावून 'यंग्ज मॉड्युलस' काढलेला असतो. हे यंग पेशाने डॉक्टर होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

थॉमस यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील मिल्व्हर्टन गावी झाला. दहा भावंडांत ते थोरले. लंडन, एडिंबरा आणि गॉटिंगेन येथे ते वैद्यक शिकले. जवळचे-दूरचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच मांडले आणि एकविसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर ज्यामुळे लागतो तो दोषही त्यांनी स्वतःच्याच डोळ्यात मोजला.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले, पण दोनच वर्षांत त्यांनी ते पद सोडले. डॉक्टरचे लक्ष दुसरीकडेच आहे असे रुग्णांना वाटेल, ही धास्ती! तिथली व्याख्याने १८०७ मध्ये ग्रंथरूपाने आली. ताणलेल्या तारेचा विचार त्यातलाच.

भार वाढेल तशी तार लांबते, हे रॉबर्ट हूक यांनी आधीच्या शतकातच सांगितले होते. पण जाड तार कमी ताणली जाते, लांब तार जास्त. मग त्या धातूचा स्वतःचा असा आकडा कोणता? भाराला तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचे, वाढलेल्या लांबीला मूळ लांबीने भागायचे आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. दोन मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादी तारेला दहा किलो वजन लावले, तर ती जेमतेम एक मिलिमीटर लांबते. ही सोपी रीत मात्र नंतरच्यांची. यंग यांची मूळ व्याख्या भलतीच किचकट होती. कल्पनाही ऑयलर यांच्या लेखनात आधी येऊन गेली होती. नाव चिकटले ते यंग यांचे.

डॉक्टरांना महत्त्वाचे वाटावे ते पुढचे. १८०८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हृदय आणि धमन्यांवर बोलताना त्यांनी धमनीला लवचिक नळी मानले आणि नाडीची लाट तिच्यातून किती वेगाने धावेल, याचे गणित केले. १८७८ मध्ये मोएन्स आणि कॉर्टवेग यांनी त्याला आजचे सूत्र दिले. त्यात यंग यांचाच गुणांक आहे. धमनीची भिंत जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. आज मानेपासून जांघेपर्यंत नाडी पोहोचायला लागणारा वेळ मोजून धमन्यांचा ताठरपणा ठरवतात. वय आणि रक्तदाब यांनी तो वाढतो. पोलादापेक्षा धमनी काही लाख पट मऊ असते. शिवाय तिचा गुणांक तारेसारखा एकच राहत नाही. ताण वाढला की तीही ताठरते.

१८११ पासून अखेरपर्यंत यंग लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात होते, पण खासगी व्यवसाय कधी फारसा फुलला नाही. १० मे १८२९ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. बरेच दिवस दम्यासारखा त्रास होत होता. शवविच्छेदनात त्यांच्या महाधमनीच्या भिंती रोगाने कठीण झालेल्या आढळल्या.