भाताच्या पोत्यामागचा शास्त्रज्ञ : कार्ल झिग्लर



भात झोडून झाला की कर्जत-खालापूरच्या गावांत घरोघरी पांढरी प्लास्टिकची पोती रचलेली दिसतात. हे पोतं कशाचं, असं मुलांना विचारून बघा. पाताळगंगेकाठचे रसायनांचे कारखाने एसटीतून रोज पाहणारी मुलंही गप्प बसतात. उत्तर आहे, पॉलिप्रोपिलीन. आणि त्याची गोष्ट एका फसलेल्या प्रयोगापासून सुरू होते.

कार्ल झिग्लर यांचा जन्म १८९८ साली जर्मनीतल्या हेल्सा गावी झाला. वडील धर्मोपदेशक. कार्ल यांना लहानपणापासून रसायनांचं वेड. १९२० मध्ये मारबुर्गला त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९४३ मध्ये म्यूलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेचं संचालकपद आलं, तेव्हा त्यांनी अट घातली : फक्त कोळशावरच काम करणार नाही. ती मान्य झाली.

त्या काळी इथिलीन वायूपासून पॉलिथिन बनवायला हवेच्या हजारपटीहून जास्त दाब लागे. झिग्लर ॲल्युमिनियमच्या संयुगाने इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडत होते, पण साखळी फार लांब होत नव्हती. एकदा तर त्यांचे विद्यार्थी होल्त्सकांप यांच्या प्रयोगात दोनच रेणू जोडले गेले आणि काम थांबलं. आपण काय केलं असतं? भांडं घासून प्रयोग पुन्हा लावला असता. झिग्लर यांनी मात्र कारण शोधायला लावलं. पोलादी भांड्यात निकेलचा बारीकसा अंश राहिला होता, तोच साखळी तोडत होता.

मग प्रश्न पडला, एक धातू साखळी तोडतो, तर दुसरा वाढवत असेल का? एकेक धातू तपासला गेला. झिर्कोनियमने जमलं, टायटॅनियमने तर फारच झपाट्याने. १९५३ मध्ये साध्या काचेच्या भांड्यात, नेहमीच्या हवेच्या दाबाला पॉलिथिन तयार झालं. इथे दोन संयुगं मिळून उत्प्रेरक बनतात. ॲल्युमिनियमचं संयुग टायटॅनियमला कामाजोगं करतं आणि साखळी टायटॅनियमवर वाढते. जात्याच्या दोन दगडांसारखं समजा, एकट्या दगडाने पीठ पडत नाही.

पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नट्टा यांनी याच जोडीने पॉलिप्रोपिलीन बनवलं, म्हणजे आपल्या पोत्याचं प्लास्टिक. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. झिग्लर १९७३ मध्ये वारले.

ही साखळी इतकी चिवट, की फाटकं पोतं उल्हास नदीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. मुलांना तेही सांगा.

आणि एक विनंती. प्रात्यक्षिकात एखाद्याचं उत्तर वेगळं आलं, की तो शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवून काढतो, आणि आपणही त्यावर बरोबरची खूण करतो. या वर्षी त्याला त्याचंच उत्तर लिहू द्या. खाली एक ओळ मोकळी सोडा : असं का झालं असेल? मार्क त्या ओळीला द्या.