गामांच्या बैठका आणि त्यामागची वर्षे

रमजानचा महिना लागला की तालमीत आणि जिममध्ये जाणाऱ्या तरुणांपुढे दरवर्षी तोच पेच उभा राहतो. पहाटे सहेरी, दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीहची नमाज. यात व्यायाम बसवायचा कुठे? काही जण महिनाभर व्यायामच सोडून देतात. काही जण रोजातही नेहमीइतकेच वजन उचलायला जातात आणि चक्कर येऊन खाली बसतात. अशा गप्पांत गामा पहिलवानांचे नाव हमखास निघते. रोज तीन हजार बैठका, कुणाच्या तोंडी पाच हजार. पण हा आकडा उभा राहायला किती वर्षे लागली, ते क्वचितच कोणी सांगते.

गामांचे खरे नाव गुलाम मोहम्मद बख्श. जन्म १८७८ च्या सुमारास, पंजाबात अमृतसरच्या परिसरात, मूळच्या काश्मिरी पहिलवान घराण्यात. वडील अझीज बख्श हेही पहिलवान. गामा सहा वर्षांचे असतील-नसतील, तोच वडील वारले. पुढे आजोबा नून पहिलवान आणि त्यांच्यानंतर ईदा पहिलवान या घरच्याच वडीलधाऱ्यांनी त्यांना घडवले.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी देशभरातले पहिलवान बोलावून बैठकांची स्पर्धा भरवली. चारशेहून अधिक जण उतरले. दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरांत टिकला आणि वय पाहून महाराजांनी त्यालाच विजयी ठरवले. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यानंतर हे पोर आठवडाभर अंथरुणावर पडून होते, असे सांगतात. तो भाग मात्र गाळला जातो.

पुढे दतियाचे महाराज भवानीसिंह यांनी गामांना आश्रय दिला. खरी घडण तिथे झाली. त्यांच्या तालमीची जी माहिती मिळते, तीत लहान वयात काही शे जोर-बैठका आणि दूध, बदाम, फळे असा खुराक दिसतो. मांसाहार नंतर आला, अंग भरू लागल्यावर. व्यायाम आणि खुराक दोन्ही वयाच्या मागोमाग वाढत गेले. शिवाय खुराकाचा खर्च दरबाराचा, मालिश करायला माणसे, जोडीला कसलेले पहिलवान आणि कुस्तीखेरीज दुसरे काम नाही. तीन हजार बैठका या सगळ्या व्यवस्थेवर उभ्या होत्या.

शरीर कसे आहे हे ओळखून त्यांनी कुस्ती केली. उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आतच. समोर रहीम बख्श सुलतानीवाला यांच्यासारखा सात फुटांच्या आसपासचा पहिलवान. १९१० मध्ये लंडनला गेल्यावर ठेंगणे म्हणून आधी त्यांना स्पर्धेत घेईनात. मग गामांनी जाहीर आव्हान दिले आणि अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला चितपट केले. १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी गाठ पडली. वजनाने भारी असलेला झिबिस्को पालथा पडून जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांवर चाललेली ही कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ती पुन्हा ठरली, पण झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामांना मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. गामा तेव्हा पन्नाशीला टेकलेले. कुस्ती एका मिनिटाच्या आत निकाली निघाली. चाळीस वर्षे रोज थोडे थोडे साठवलेले बळ त्या एका मिनिटात कामी आले.

फाळणीनंतर गामा लाहोरला राहिले. दंगलीच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी ते उभे राहिल्याची आठवण आजही सांगितली जाते. संस्थाने गेली तसा आश्रयही गेला. अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना मदत पाठवली होती. मे १९६० मध्ये लाहोरात त्यांचे निधन झाले. दरबाराचा आधार सुटल्यावर जगज्जेत्या पहिलवानाचीही ही अवस्था झाली.

आज रिक्षा चालवणारा, दुकानात दहा तास उभा राहणारा किंवा रात्रपाळी करणारा तरुण गामांचा आकडा उचलतो, तेव्हा त्याच्यामागे ना दतियाचा दरबार असतो, ना दहाव्या वर्षापासूनची तालीम. त्याने गामांकडून घ्यायचे ते इतकेच : आपले वय, काम, झोप आणि ताटात काय पडते ते पाहून सुरुवात करायची, हळूहळू वाढवायचे आणि खंड पडू द्यायचा नाही.

रमजानची शिकवणही याहून वेगळी नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. जिथे फर्ज असलेल्या रोजातही माणसाच्या परिस्थितीचा विचार आहे, तिथे जोर-बैठकांचा हट्ट कशाला? या महिन्यात संख्या निम्म्यावर आणली तरी चालते. हलका व्यायाम इफ्तारच्या थोडा आधी करावा, म्हणजे लगेच पाणी घेता येते. जड व्यायाम तरावीहनंतर, तोही झोप मोडणार नसेल तरच. इफ्तार ते सहेरी पाणी भरपूर प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. श्रावणात किंवा नवरात्रात उपास धरून तालमीत जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. ईदनंतर पुन्हा एकेक पायरी चढता येते. महिनाभर कमी केलेला व्यायाम भरून निघतो, पण हट्टाने दुखावलेला गुडघा किंवा कंबर वर्षभर छळते.