गाडगेबाबांचे कीर्तन आणि रोग्याची सेवा

आमच्या हमरापूरचा एखादा गणपती घडविणारा कारागीर आपला दुखणाईत माणूस घेऊन मुंबईच्या इस्पितळात गेला, तर डॉक्टर भेटतो. पण सोबतच्याने रात्री पाठ कुठे टेकावी? ही अडचण गाडगेबाबांनी जाणली होती.

बाबांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. मूळ नाव डेबूजी. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. भजनात माणसे डोलू लागली की बाबा मध्येच प्रश्न टाकीत नि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. नवसाचे बकरे कापू नका, घाण ठेवू नका, रोग्याला औषधपाणी करा, हे असे हसतखेळत गळी उतरे. ऐकणाऱ्यांचे हातही सैल सुटत. त्या पैशातून धर्मशाळा उठल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही एक झाली. स्वतःसाठी मात्र बाबांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

भजनाने रोग जातो असे आम्ही म्हणत नाही. औषध डॉक्टरांचेच घ्यावे. पण रोग्याला धीर नि सोबत्याला निवारा कीर्तनातून मिळू शकतो, हे बाबांनी करून दाखविले. पुढच्या वारीत टाळ वाजवताना एवढे मनी धरू या.