दिव्याचे चित्रकार हळदणकर

कोकणातील सावंतवाडी हे गाव लाकडी रंगीत खेळण्यांसाठी व हाताने रंगविलेल्या गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. याच गावी १८८२ साली सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना चित्रकलेचा छंद होता. शाळेतील गुरुजनांनी तो ओळखला व त्यांना उत्तेजन दिले. पुढे १९०३ साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला.

चित्राचा कागद सपाट असतो. त्याला लांबी व रुंदी असते, खोली नसते. तरीही चांगल्या चित्रातील माणूस जिवंत वाटतो. रेषा, आकार, रंग आणि छायाप्रकाश यांची योग्य सांगड घातली म्हणजे हा चमत्कार घडतो. कलाशाळेत हळदणकरांनी या गोष्टींचा कसून अभ्यास केला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली व अनेक विद्यार्थी घडविले. १९१८ साली काही कलावंतांच्या सहकार्याने 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन करण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

जलरंग हे हळदणकरांचे आवडते माध्यम होते. हे माध्यम फार अवघड आहे. तैलरंगात चूक झाली, तर तिच्यावर दुसरा रंग चढविता येतो. जलरंग मात्र पारदर्शक असतात. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पूर्वीसारखी उजळ करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जेथे प्रकाश दाखवावयाचा, तेथे कागदाचा पांढरेपणा आरंभापासूनच जपून ठेवावा लागतो.

अशा या माध्यमात हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास एक धाडसी प्रयोग केला. हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्री त्यांना रंगवावयाची होती. त्यासाठी त्यांनी आपली कन्या गीता हिला दिवा धरून समोर उभे केले. ती सुमारे तीन तास न हलता उभी राहिली, असे सांगतात. चित्रातील स्त्रीने ज्योतीपुढे हात धरला आहे. तिच्या बोटांतून तांबूस प्रकाश पाझरतो. ज्योतीजवळचा चेहरा उजळला आहे. तेथून दूर जावे तसतसा उजेड मंदावत भोवतीच्या काळोखात मिसळतो. या एकाच दिव्यामुळे सर्व चित्राला एकसूत्रीपणा आला आहे. पाहणाऱ्याची नजर आपोआप ज्योतीकडे वळते.

हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात आहे. ते अतिशय लोकप्रिय झाले; परंतु चित्राबरोबर चित्रकाराचे नाव मात्र सर्वत्र पोहोचले नाही. पुष्कळ लोक ते राजा रविवर्मा यांचे समजू लागले. वास्तविक रविवर्मा १९०६ सालीच निधन पावले होते आणि हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रंगविले गेले. हळदणकरांच्या कन्येने दीर्घायुष्यात हा गैरसमज दूर करण्यास हातभार लावला. शंभरी ओलांडून २०१८ साली त्या निवर्तल्या.

१९६८ साली हळदणकरांचे देहावसान झाले. कागदावर जपून राखलेला त्यांचा तो प्रकाश आजही तसाच उजळ आहे. मुलांनो, एखादे चित्र आवडले, तर ते कोणी काढले याची चौकशी अवश्य करावी. कलावंताच्या श्रमांची ती खरी कदर होय.