विश्लेषण : डॉक्टर एकच, उपचार एकच, मग एक वॉर्ड बोलू लागला आणि दुसरा गप्प का राहिला? फ्रांझ फॅनन यांना ब्लिदामध्ये काय उमगले?

अल्जेरियातील ब्लिदा शहराच्या मनोरुग्णालयात नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रांझ फॅनन हे २८ वर्षांचे डॉक्टर रुजू झाले. त्यांच्याकडे दोन विभाग आले. एकात १६५ युरोपीय महिला, दुसऱ्यात २२० मुस्लीम पुरुष. दोन्हीकडे त्यांनी एकच उपचारपद्धती सुरू केली. महिलांच्या विभागात थोड्याच दिवसांत फरक दिसू लागला. पुरुषांच्या विभागात मात्र तीन महिने उलटले तरी काही हलेना. रुग्णच मागासलेले आहेत, असे म्हणून विषय संपवणे सोपे होते. फॅनन यांनी चूक स्वतःच्या पद्धतीत शोधली.

त्यांची जन्मशताब्दी २०२५ मध्ये झाली. वसाहतवादविरोधी विचारवंत म्हणून ते जगाला माहीत आहेत. पण एका समाजात घडलेली उपचाराची थिअरी दुसऱ्या, दडपलेल्या समाजातील रुग्णासमोर कशी वापरायची, या प्रश्नावरचे त्यांचे काम त्या मानाने कमी वाचले जाते. समुपदेशनाच्या क्षेत्रात आज हाच प्रश्न रोज पडतो.

फॅनन कोण होते?

कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावर २० जुलै १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेत कवी एमे सेझेर हे त्यांचे शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या मुक्तिसेनेत गेले, लढाईत जखमी झाले, शौर्यपदकही मिळाले. पण त्याच सैन्यात कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरते, हेही त्यांनी पाहिले.

युद्धानंतर लिऑन शहरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. वर्णद्वेष कृष्णवर्णीयांच्या मनावर काय परिणाम करतो, यावर प्रबंध द्यायचा त्यांचा विचार होता. तो विद्यापीठात मान्य होण्यासारखा नव्हता. त्यांनी एका मज्जाविकारावर रीतसर प्रबंध लिहून पदवी घेतली आणि मूळ लिखाण १९५२ मध्ये ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या नावाने पुस्तकरूपात आणले.

त्याच वर्षी त्यांनी लिहिलेला एक लेख समुपदेशकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लिऑनमध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेले मजूर दवाखान्यात येत. दुखते, सगळीकडे दुखते, एवढेच सांगत. तपासणीत काही सापडत नसे. डॉक्टर मग त्यांना ढोंगी किंवा कामचुकार ठरवून मोकळे होत. फॅनन यांचा मुद्दा असा, की दुखणे कोणत्या अवयवात आहे एवढेच शोधले तर हाती काही लागणार नाही. हा माणूस राहतो कुठे, एकटा आहे का, रस्त्यावर लोक त्याच्याकडे कसे बघतात, हेही रोगनिदानातच धरायला हवे.

ही उपचारपद्धती नेमकी काय होती?

ब्लिदाला येण्यापूर्वी फॅनन यांनी दक्षिण फ्रान्समधील सेंट-आल्बान रुग्णालयात फ्रान्स्वा टोस्केयेस यांच्या हाताखाली काम केले होते. टोस्केयेस हे स्पेनच्या यादवी युद्धानंतर परागंदा झालेले कॅटलान मनोविकारतज्ज्ञ. त्यांचे म्हणणे होते, की आधी रुग्णालयालाच उपचारांची गरज आहे. कुलपे, शिस्त, गणवेश यांनी माणूस आणखी खचतो. म्हणून रुग्ण, परिचारक आणि डॉक्टर यांनी मिळून सभा घ्यायच्या, वर्तमानपत्र काढायचे, सण साजरे करायचे, कार्यशाळा चालवायच्या. वॉर्ड म्हणजे एक छोटा समाज, आणि त्यात वावरता वावरता रुग्ण पुन्हा माणसांत येतो. (विजेचे झटके, इन्सुलिन हे त्या काळचे उपचारही सोबत चालतच. फॅनन यांनीही ते वापरले.)

मुस्लीम वॉर्डात ती का फसली?

युरोपीय महिलांसाठी नाताळ, चित्रपट, शिवणकाम हे सारे ओळखीचे होते. पुरुषांच्या वॉर्डात तसेच कार्यक्रम ठेवले तेव्हा लोक येईनात, आले तरी मुकाट बसत. फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जॅक अझुले यांनी या अपयशाचा सविस्तर लेखाजोखा १९५४ मध्ये छापला. आपले काय चुकले हे डॉक्टरांनी इतक्या मोकळेपणाने छापणे आजही विरळाच.

त्यातले तपशील बोलके आहेत. विणकाम किंवा टोपल्या करणे हे त्या पुरुषांच्या दृष्टीने बायकांचे काम होते. चारचौघांत उभे राहून गाणे किंवा नाटक करणे प्रतिष्ठित माणसाला शोभत नाही, अशी समजूत होती. वर्तमानपत्र काढले, पण वाचता येणारे मोजकेच. बहुतेक जण खेड्यांतले, त्यातही अनेक भूमिहीन शेतमजूर. त्यांच्या हाती कुदळ-फावडे दिले की न सांगता कामाला लागत.

त्यात भाषेची अडचण. फॅनन यांना अरबी येत नव्हती, त्यामुळे परिचारक दुभाष्याचे काम करीत. वरवर हा साधा मार्ग वाटतो. पण त्या देशात गरीब माणसाला दुभाषी भेटायचा तो पोलीस ठाण्यात, कोर्टात किंवा सरकारी कचेरीत. दुभाषी समोर बसला की डॉक्टरही साहेब होत असे आणि रुग्ण तोंड मिटून घेत असे.

त्या काळच्या अल्जीअर्समधील मनोविकारशास्त्राकडे या मौनाचे तयार उत्तर होते. अँतुआन पोरो यांच्या परंपरेतील तज्ज्ञ उत्तर आफ्रिकी मुस्लिमाला जन्मतःच अविकसित मेंदूचा, खोटारडा आणि हिंसक मानत. हे दवाखान्यातले ज्ञान कमी आणि राज्यकर्त्यांची सोय जास्त, हे फॅनन यांनी ओळखले.

मग काय बदलले?

वॉर्डाच्या आवारात स्थानिक पद्धतीचा कॅफे उभा राहिला. आपल्याकडे गावच्या पाराचे जे स्थान, तेच तिकडे या कॅफेचे. पुरुष तिथे बसतात, पेय घेतात, गप्पा मारतात. मुस्लीम सण साजरे होऊ लागले, धर्मगुरूंना बोलावले गेले, पिढीजात कथा सांगणारा कथेकरी आला. शेतीकाम आणि फुटबॉलही सुरू झाले. मूळ तत्त्व तेच राहिले. माणसाला समाज परत द्यायचा. फक्त तो समाज त्याचा स्वतःचा हवा.

फॅनन आणि सहकारी खेड्यांतही फिरले. तिथे वेडाचे कारण जिन मानले जाई. शास्त्रीयदृष्ट्या हे पटणारे नव्हतेच, पण त्यांना त्यात एक गोष्ट मोलाची वाटली. दोष जिनाचा असल्याने आजारी माणसावर राग धरला जात नसे आणि बरा झाल्यावर तो सहज घरात मिसळे. युरोपात मात्र वेडाचा शिक्का सहसा पुसला जात नसे.

कोऱ्या कार्डाची गोष्ट

चित्र पाहून गोष्ट सांगायची टीएटी ही मानसशास्त्रीय चाचणी आपल्याकडे सैन्यदलाच्या एसएसबी मुलाखतीची तयारी केलेल्यांना ओळखीची असेल. फॅनन आणि शार्ल जेरोनिमी यांनी ती मुस्लीम महिला रुग्णांवर वापरून पाहिली आणि निष्कर्ष १९५६ मध्ये मांडले. कार्डावरची माणसे, खोल्या, कपडे सगळे पाश्चात्त्य. महिला तुकड्यातुकड्यांनी वस्तू ओळखत, पण गोष्ट काही जुळेना. या चाचणीत एक कार्ड पूर्ण कोरे असते. ते हातात आल्यावर मात्र गोष्टी भरभरून आल्या. कल्पनाशक्ती कमी असल्याचा निकाल ज्या चाचणीवरून लागला असता, तिची चित्रेच परकी होती.

युद्ध रुग्णालयात शिरले तेव्हा...

अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झाले. थोड्याच काळात छळ सोसलेले आणि छळ करणारे असे दोघेही फॅनन यांच्याकडे येऊ लागले. ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या अखेरच्या पुस्तकात त्यांनी अशा रुग्णांच्या नोंदी दिल्या आहेत. पुस्तकाच्या पहिल्या, हिंसेवरच्या प्रकरणावर आजही वाद झडतात. शेवटचे प्रकरण मात्र अनेक जण न वाचताच सोडतात.

त्यातली एक नोंद अशी. उपचार घेणारा एक युरोपीय पोलीस डॉक्टरांची वाट पाहत आवारात फिरत होता. समोर एक अल्जेरियन रुग्ण आला. याच पोलिसाने त्याचा छळ केला होता. पोलीस घाबरून झाडाला टेकलेला, घामाने निथळलेला सापडला. तो रुग्ण नाहीसा झाला होता. कर्मचाऱ्यांना तो शौचालयात आत्महत्येच्या प्रयत्नात सापडला. पोलीस आपल्याला न्यायला आले, असे त्याला वाटले होते. तुला भास झाला, इथे पोलीस येऊच शकत नाहीत, हे त्याला पटवायला बराच वेळ लागला. म्हणजे रुग्ण खरे बोलत होता आणि त्याला शांत करण्यासाठी उपचार करणाऱ्यांना खोटे बोलावे लागले. दुसरा एक पोलीस अधिकारी घरी बायको-मुलांना मारू लागला होता. नोकरी सोडायची त्याची तयारी नव्हती. पश्चात्ताप न होता काम करता यावे, एवढाच उपचार त्याला हवा होता.

फॅनन यांनी १९५६ च्या अखेरीस राजीनामा दिला. जो देशच माणसाला त्याच्या भूमीत परका करतो, तिथे त्याला परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवणारा डॉक्टर कशासाठी, असा त्या पत्राचा आशय होता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना अल्जेरियातून हद्दपार करण्यात आले.

पुढे ट्युनिसमध्ये स्वातंत्र्यलढ्याचे काम करतानाच त्यांनी दिवसा चालणारे मनोरुग्ण केंद्र उभारले. रुग्ण संध्याकाळी घरी जात. वॉर्डात कितीही चांगला समाज उभा केला तरी तो कृत्रिमच, खरे प्रश्न घरात आणि कामावर असतात, असे आता त्यांचे मत झाले होते. सेंट-आल्बानच्या धड्यालाही त्यांनी अशी दुरुस्ती सुचवली.

ल्युकेमियामुळे ६ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेत बेथेस्डा येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे ३६. अल्जेरिया स्वतंत्र झालेला पाहायला ते नव्हते. तो दिवस जुलै १९६२ मध्ये उजाडला. त्यांना अल्जेरियाच्याच मातीत दफन करण्यात आले. ब्लिदाच्या त्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे.